फरशीचे काठ

भंडारा जिल्ह्यातल्या मोहाडी तालुक्यात आंधळगाव आहे, आणि विदर्भात आंधळगाव म्हटलं की कोसा आठवतो. ऐन आणि अर्जुनाच्या झाडांवर वाढणाऱ्या अळ्यांचे कोष, त्यांतून निघणारं टसरचं सूत आणि त्या सुताची करवती काठाची साडी. अंग एका रंगाचं, काठ दुसऱ्या रंगाचा, आणि दोन्ही भेटतात त्या रेषेवर करवतीचे दाते. हे दाते सुईने भरलेले नसतात, ठशाने छापलेलेही नसतात. मागावर तीन धोटे चालतात: एक मधल्या अंगाचा आणि दोन्हीकडच्या काठांचा एकेक. दर फेरीला अंगाचा बाणा आणि काठाचा बाणा एकमेकांत अडकवून मागे वळवायचे, आणि वळण्याची जागा मोजून थोडी थोडी सरकवत न्यायची. त्या सरकवण्यातून दाता उभा राहतो. मधलं साधं अंग शिकाऊ हातही विणेल. सांध्यावर मात्र जाणता विणकर लागतो.

नक्षीच्या फरशीचंही हेच आहे. फुलं खोलीच्या मध्यात असतात, पाहणाऱ्याची नजर तिथे जाते. दुसऱ्या मिस्त्रीची नजर मात्र थेट भिंतीलगतच्या चार बोटांकडे जाते. कारण सरळ आहे. खोली सहसा पुरती काटकोनात नसते आणि फरशी काटकोनातच येते. हा फरक कुठेतरी मुरवावा लागतो. महाराष्ट्रातली जमीन गेल्या दोनशे वर्षांत जशी बदलत गेली, तशी हा फरक मुरवायची जागा आणि मुरवणारी हत्यारंही बदलत गेली.

आधी भुई होती. मुरूम आणि माती पसरायची, पाणी मारून धुम्मसाने ठोकायची, चोपण्याने चोपायची आणि वर शेणाचं सारवण. भुईला सांधा नसतो, म्हणून तिथे कापाकापीही नसते. भिंत वाकडी असली तरी ओली माती तिच्या पायाशी आपोआप बसते. तडा गेला तर पुढच्या सारवणात बुजतो. ही सगळी निगा घरच्या बायकांच्या हातची, आणि ती कधी संपत नसे. नक्षी हवी तर रांगोळी, तीही रोज नवी. ठिपक्यांच्या रांगोळीत मात्र फरशीचं गणित आधीच हजर आहे: समान अंतरावरचे ठिपके, एका चौकोनातून दुसऱ्यात जाणारी रेघ, आणि मध्यापासून बाहेर वाढत जाणारी आकृती.

विणकराच्या घरात तर भुई ही मागाचाच भाग होती. खड्डामागावर विणकर जमिनीच्या पातळीला बसतो, पाय खड्ड्यात सोडतो आणि पावड्या खड्ड्यातच दाबतो. मातीतला ओलावा सुताला मानवतो. कोरड्या हवेत धागा तुटतो, आणि पूर्व विदर्भाचा उन्हाळा किती कोरडा असतो हे सांगायची गरज नाही. अशा खोलीत फरशी घालायची म्हणजे एकतर खड्ड्याच्या चारी कडांनी ती कापून बसवायची, नाहीतर खड्डा बुजवून चौकटीचा माग घ्यायचा. २०१६ साली सुरू झालेल्या प्रधानमंत्री आवास योजनेच्या ग्रामीण भागात घरकुलाचं किमान क्षेत्रफळ २५ चौरस मीटर धरलं आहे. त्यात चूल, बिछाना आणि माग असं सगळं मांडून पाहिलं, की विणकराच्या घरात फरशीचा निर्णय निव्वळ हौसेचा का राहत नाही ते लक्षात येतं. हिशोबाची ही बाजू घरकुलाच्या नकाशात कुठे दिसत नाही, हेही खरं.

फरशीवरची नक्षी स्वतः मात्र फार जुनी. राजस्थानातल्या कालीबंगन इथे हडप्पा संस्कृतीच्या काळातल्या एका घरात एकमेकांना छेदणाऱ्या वर्तुळांची नक्षी असलेली फरसबंदी सापडली. एका फरशीवरची रेघ शेजारच्या फरशीवर पुरी करायची, ही कल्पना त्या काळात कुणालातरी सुचली होती. पुढे आपल्याकडे मात्र जमिनीच्या नक्षीपेक्षा छताच्या आणि खांबांच्या नक्षीवर हात जास्त चालला. पेशवाईतल्या वाड्यांत जमीन गुळगुळीत असली म्हणजे झालं. बैलांनी फिरवलेल्या चुन्याच्या घाणीत मळलेला चुना, त्याचा कोबा, वरून घोटाई. कोबाही भुईसारखाच बिनसांध्याचा.

सांधा आला तो दगडाबरोबर. मुंबईहून निघालेली ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वे १८७१ मध्ये रायचूरला मद्रासकडून आलेल्या रुळांना भिडली. त्या वाटेवर गुलबर्ग्याच्या पुढे शहाबाद होतं, आणि तिथे थराथराने सुटणारा चुनखडीचा दगड. थर सुटतो म्हणजे लाद्या पाडायला करवत लागत नाही, पहार आणि छिन्नी पुरते. रेल्वेमुळे तो दगड स्वस्तात लांब जाऊ लागला आणि शहाबादी फरशी मराठी घरांच्या पडवीत, स्वयंपाकघरात, नहाणीत, शाळांच्या व्हरांड्यांत जाऊन बसली. तिचे सांधे जाड, कडा हाताने घडलेल्या, माप अंदाजाचं. नीटस काम म्हणजे काय, याची कल्पना तेव्हा वेगळी होती: पाय अडखळू नये आणि पाणी मोरीकडे वाहावं, एवढं झालं की गवंडी सुटला.

त्याच काळात मुंबईत अगदी दुसऱ्या जातीची फरशी बोटींतून उतरत होती. इंग्लंडमध्ये सॅम्युअल राइटने १८३० मध्ये नक्षीच्या फरशीचं पेटंट घेतलं होतं. हर्बर्ट मिंटनने त्यात हिस्सा घेऊन स्टोक-ऑन-ट्रेंटला हा धंदा मोठा केला. ओल्या मातीच्या फरशीवर साच्याने खोलगट आकृती उमटवायची, खोलगट भागात दुसऱ्या रंगाची पातळ माती भरायची, वर आलेली खरवडायची आणि भट्टीत भाजायची. रंग वरून लावलेला नसतो, अंगात बसलेला असतो. झिजला तरी आकृती बराच काळ टिकते. १८४० मध्ये रिचर्ड प्रॉसरने कोरडी माती दाबून फरशी करायची रीत काढली आणि मापं काटेकोर झाली.

कुलाब्याच्या अफगाण चर्चमध्ये (१८५८) इंग्लंडहून आणलेल्या अशा फरशीची भौमितिक नक्षी आहे. भायखळ्याला १८७२ मध्ये लोकांसाठी उघडलेल्या, आज डॉ. भाऊ दाजी लाड यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या संग्रहालयात मिंटनची फरशी आहे. फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्सने १८७८ ते १८८८ या काळात उभारलेल्या व्हिक्टोरिया टर्मिनसला मिंटनची स्पर्धक असलेल्या मॉ आणि कंपनीचा माल लागला. हे सगळं पाहताना आपण रंगांवर भाळतो. खरी हुशारी मापात आहे. या भौमितिक फरशांचं मूळ माप सहा इंची चौकोन. त्याचेच अर्धे, पाव, त्रिकोण, पट्ट्या आणि अष्टकोन कारखान्यातच दाबून तयार होत. जागेवर कापायची पाळी येऊ नये म्हणून कापलेला प्रत्येक आकार आधीच विकत मिळे. खोलीची मापं कळवली, की कारखाना नक्षीचा आराखडाही करून देई. हजारो मैलांवरच्या गवंड्याला इंग्रजी नीट येत नसलं तरी चालेल, आकडे आणि आकृती कळल्या म्हणजे पुरे. भाजलेली कडक फरशी छिन्नीने सरळ तुटत नाही हे त्या कारखानदारांना ठाऊक होतं; आणि मुंबईच्या गवंड्याकडे तेव्हा छिन्नीच होती.

इंग्लंडची ही फरशी राजवाडे, चर्च आणि सरकारी इमारतींपुरती. सामान्य घरात नक्षी आली ती सिमेंटमुळे, आणि सिमेंटच्या फरशीचं गाव इंग्लंडमध्ये नव्हतं. दक्षिण फ्रान्समध्ये आणि स्पेनच्या कातालोनियात एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर लोकांनी भट्टीच बाजूला सारली. बार्सेलोनाच्या गारेत-रिवेत कंपनीने अशी फरशी १८६७ च्या पॅरिस प्रदर्शनात मांडली. पुढे अंतोनी गाउदीने त्याच शहरात एस्कोफेत कंपनीकडून षट्कोनी फरशी करवून घेतली; तिची समुद्री जीवांची पुरी नक्षी बसायला सात फरशा लागतात.

करण्याची रीत अशी. लोखंडी चौकटीत पितळेच्या पट्ट्यांची जाळी ठेवायची. जाळीचा प्रत्येक कप्पा म्हणजे नक्षीतला एक रंग. सिमेंट, संगमरवराची भुकटी आणि रंग यांचं दाट पाणी कप्प्याकप्प्यात ओतायचं. मग जाळी सरळ वर उचलायची. रंग शेजारी शेजारी उभे राहतात, एकमेकांत घुसत नाहीत. हात हलला तर मात्र पाकळीची कड फाटते. त्यावर कोरडं सिमेंट आणि बारीक वाळू भुरभुरायची म्हणजे जास्तीचं पाणी शोषलं जातं, वर जाड मसाल्याचा थर, आणि मग दाबयंत्र. बाहेर आलेली फरशी भाजत नाहीत, उलट पाण्यात मुरवतात. रंगाचा थर काही मिलिमीटरच, पण तो वर्षानुवर्षं पायाखाली टिकतो आणि वापराने उजळत जातो.

ही फरशी हिंदुस्थानात करायची तर आधी सिमेंट हवं. मद्रासला १९०४ मध्ये केलेला प्रयत्न फसला होता. १९१४ मध्ये पोरबंदरला कारखाना चालू झाला, पाठोपाठ १९१५ मध्ये कटनीला. कटनी तेव्हा मध्य प्रांतात, म्हणजे भंडाऱ्याच्याच प्रांतात. पहिलं महायुद्ध संपल्यावर कारखाने भराभर निघाले आणि विसाच्या दशकाच्या सुरुवातीला सिमेंट खपेना म्हणून भावाची मारामारी सुरू झाली. लोकांना सिमेंटची सवय लावण्यासाठी १९२७ मध्ये काँक्रीट असोसिएशन ऑफ इंडिया ही संस्थाच काढावी लागली.

नेमक्या त्या दिवसांत, १९२२ साली, मुंबईत पिरोजशा सिधवा आणि त्यांचे पुतणे रुस्तम यांनी ‘भारत टाइल्स’ सुरू केली. नावातच काळ कळतो. परदेशी मालाच्या होळ्या होऊन फार दिवस लोटले नव्हते. सहकारी चळवळीतले वैकुंठभाई मेहता यांनी सिधवांना उद्योग काढायला प्रवृत्त केलं, आर्थिक स्वातंत्र्यावाचून राजकीय स्वातंत्र्य अपुरं राहील असं त्यांचं म्हणणं होतं, ही हकिकत कंपनीच्या इतिहासात अभिमानाने सांगितली जाते. हे वैकुंठभाई म्हणजे मुंबई प्रांतिक सहकारी बँकेचा कारभार तीसहून अधिक वर्षं सांभाळणारे, पुढे मुंबई राज्याचे अर्थमंत्री आणि खादी व ग्रामोद्योग आयोगाचे अध्यक्ष झालेले गृहस्थ. हातमागाची कड घेणारा माणूस यंत्राने दाबलेल्या फरशीचीही कड घेतो, यात वरवर विसंगती वाटेल. पण या फरशीतलं यंत्र फक्त दाब देतं. रंग ओतायचा, जाळी उचलायची, हे काम हाताचंच.

कारखाना मुंबईसमोरच्या खाडीपलीकडे उरणला राहिला, आणि तिथल्या कारागिरांच्या हाताखालून गेलेली फरशी मुंबईच्या सदनिकांपासून संस्थानिकांच्या महालांपर्यंत पोचली. मरीन ड्राइव्ह आणि ओव्हलच्या कडेने तीस-चाळीसच्या दशकांत ज्या आर्ट डेको इमारती उठल्या, त्यांचे जिने आणि दिवाणखाने या फरशीचे. शहरोशहरी छोटे कारखाने निघाले. गोव्यात पणजी-मडगावच्या जुन्या घरांतही अशीच नक्षीदार सिमेंट फरशी दिसते, तिथे ती पोर्तुगीज वळणाने आली. तमिळनाडूत चेट्टिनाडच्या आत्तंगुडी गावात तर दाबयंत्रही नाही: काचेच्या तुकड्यावर साचा ठेवून हातानेच फरशी ओततात, आणि काचेचा गुळगुळीतपणा फरशी घेते.

आता बसवणं. या फरशीच्या पेटीत चार प्रकार असत. पहिली मधली, बहुधा आठ इंची, जिच्यावर अख्खं फूल नसतं, फुलाचा एक चतुर्थांश असतो. चार फरशा चार दिशांना वळवून ठेवल्या की फूल पुरं होतं. दुसरी काठाची, जिची वेल एकाच दिशेला चालते. तिसरी कोपऱ्याची, जिथे वेल वळते. आणि चौथी साधी, एकरंगी. मधल्या जागेत गालिचा, त्याभोवती काठ, आणि काठापासून भिंतीपर्यंत साध्या फरशीचा पट्टा. तो साधा पट्टा म्हणजे गवंड्याची सोय. खोली एका टोकाला दोन इंच अरुंद असेल, तर ते दोन इंच साध्या फरशीत जिरतात. तिथे कापलं तरी कुणाला कळत नाही. गालिच्यात कापलं तर फूल मरतं.

म्हणून काम भिंतीपासून सुरू करायचं नाही, मध्यापासून करायचं. दोन्ही बाजूंचे मध्य काढून दोऱ्या ताणायच्या. दोऱ्या काटकोनात आहेत का हे गुण्यावर सोपवायचं नाही. लांब अंतरावर गुण्या फसवतो. एका दोरीवर तीन फूट, दुसरीवर चार फूट, आणि टोकांमधलं अंतर बरोबर पाच फूट आलं पाहिजे. मग कोरड्या फरशा मांडून पाहायच्या, काठाच्या वेलीची शेवटची फरशी कोपऱ्याला पुरी जाते का ते मोजायचं, आणि जात नसेल तर गालिचा एका ओळीने लहान करायचा. हे सगळं मसाला कालवण्याआधी. पाण्याच्या नळीने चारी भिंतींवर पातळीची खूण, दाराच्या उंबऱ्याचा हिशोब, आणि मगच पहिली फरशी. सांधा अगदी बारीक, कडेला कड. सिमेंटचं पाणी फरशीच्या तोंडावर सांडू द्यायचं नाही, कारण डाग आत उतरतो.

जुन्या घरात एखादी फरशी उलटी फिरलेली दिसते. फूल तिथे तीन पाकळ्यांचं होतं आणि चौथी पाकळी शेजाऱ्याकडे तोंड करून बसते. दिवसभर वाकून काम करणाऱ्या माणसाच्या थकव्याची नोंद असं म्हणून ती सोडून द्यावी; घरातली पोरं ती शोधून काढतातच.

भंडाऱ्याकडे हा माल यायचा तो रेल्वेने. १८८७ मध्ये स्थापन झालेल्या बंगाल-नागपूर रेल्वेने नागपूरहून पूर्वेकडचा मार्ग रुंद रुळांचा केला, आणि वरठीजवळचं भंडारा रोड हे जिल्ह्याच्या मालाचं दार झालं. धानाच्या मुलखात मात्र घरभर फरशीची घाई कुणालाच नव्हती. अंगणात धान वाळवायचं, मळणीसाठी खळं सारवायचं. तिथे मातीच बरी. फरशी आली ती आधी ओसरीवर आणि देवघरात, म्हणजे पाहुण्याची आणि देवाची सोय आधी.

स्वातंत्र्यानंतर नक्षीची फरशी मागे पडली आणि मोझॅक आली. संगमरवराच्या खाणींतले टाकाऊ तुकडे सिमेंटमध्ये मिसळून दाबलेली ही फरशी. साचा नाही, जाळी नाही, चार दिशांचा घोळ नाही. कशीही फिरवा, सारखीच दिसते. साहजिकच ती स्वस्त पडली आणि तालुक्यातालुक्यात तिचे कारखाने झाले. भारतीय मानक १२३७ मध्ये तिची मापं १९८.५, २४८.५ आणि २९८.५ मिलिमीटर अशी दिली आहेत. वीस, पंचवीस आणि तीस सेंटिमीटर म्हणायच्या या फरशा दीड मिलिमीटरने लहान असतात, कारण तेवढी जागा सांध्याची. सरकारी मानकातला हा दीड मिलिमीटर ज्याने लिहिला, त्याने कधीतरी गवंड्याशेजारी उकिडवं बसून पाहिलं असावं असं वाटतं.

मोझॅकने बसवणाऱ्याला थोडी सूट दिली. फरशी बसवून झाली की पॉलिशचं यंत्र येई. आधी भरड दगड, मग बारीक, मग आणखी बारीक, शेवटी ऑक्झॅलिक आम्ल. घरभर पांढुरका चिखल आणि चार दिवस कानठळ्या. दोन फरशांमधला उंचसखलपणा यंत्र घासून काढी, त्यामुळे हात थोडा चुकला तरी झाकला जाई. पण यंत्राची थाळी गोल, खोलीचा कोपरा चौकोनी. भिंतीलगतची पट्टी, कोपरे आणि स्कर्टिंग हातात दगड घेऊनच घासावे लागत, आणि जुन्या फ्लॅटमध्ये आजही मध्य चकाकतो आणि कडेला मंद पट्टा राहतो तो त्यामुळे. हातपॉलिशचे पैसे कुणी वाचवले ते कळायला दिवा तिरका धरला म्हणजे पुरे.

मग मोरबी. सौराष्ट्रातलं हे गाव मुळात कौलांचं. ११ ऑगस्ट १९७९ ला मच्छू धरण फुटून ते वाहून गेलं, आणि नंतरच्या काही दशकांत तेच गाव देशातल्या टाइलचं सर्वांत मोठं केंद्र झालं. महाराष्ट्रात ठाण्याला एच. अँड आर. जॉन्सनची टाइल त्याआधीपासून होत होती, पण ती बहुतेक भिंतीची, नहाणीची. जमिनीवर सर्वत्र पसरली ती व्हिट्रिफाइड. ती भट्टीत इतकी घट्ट होते की पाणी अर्ध्या टक्क्याहूनही कमी शोषते. गुण तोच दोष. सिमेंटची फरशी ओला मसाला ओढून घेऊन त्याला चिकटे. ही ओढतच नाही. जुन्या सवयीने सिमेंट-वाळूच्या बेडवर ठेवली तर काही वर्षांनी नाण्याने ठोकल्यावर पोकळ वाजते, आणि एखाद्या उन्हाळ्यात ओळच्या ओळ वर उचलली जाते. म्हणून खाचांच्या थापीने पसरायचे चिकट मसाले आले, आणि भिंतीलगत थोडी फट ठेवायची रीतही आली.

या टाइलला बसवल्यावर घासता येत नाही. पॉलिश कारखान्यातच झालेलं असतं. एक कड केसभर वर राहिली तर ती कायमची वर राहिली. शिवाय लांब टाइल मध्यात किंचित फुगीर असते. विटांच्या रचनेसारखी अर्ध्यावर अर्धी ठेवली, तर एकीचा उंच मध्य दुसरीच्या खाली बसलेल्या टोकाशेजारी येतो आणि पायाला ठेच जाणवते. म्हणून जाणते मिस्त्री अर्ध्याऐवजी एक तृतीयांशावर सरकवतात. मालकाला फोटोत पाहिलेली अर्ध्याची रचना हवी असते. त्यावरून वाद होतात आणि बहुधा मालक जिंकतो.

कापणं आता टाळायची गोष्ट राहिली नाही, तो कामाचा निम्मा भाग झाला. हाताने ओढायचा टाइल कटर बार्सेलोनाजवळच्या रुबी गावातल्या बोआदा बंधूंनी १९५१ मध्ये काढला: रुळावर सरकणारं कडक चाक टाइलवर एकच ओरखडा काढतं, मग दांडा दाबला की टाइल त्या रेषेवर तुटते. ओरखडा एकदाच, दुसऱ्यांदा फिरवला की कड फुटते. सरळ रेषेला हे पुरतं. खांबाभोवतीच्या खाचेला, नहाणीतल्या जाळीभोवती, पायरीच्या टोकाला ग्राइंडर आणि हिऱ्याची चकती लागते. आतला कोपरा कापताना आधी तिथे लहानसं भोक पाडायचं आणि चकती भोकापाशी थांबवायची, म्हणजे तडा पुढे पळत नाही. पायरीवर दोन टाइल भेटतात तिथे दोघींच्या कडा पंचेचाळीस अंशांत घासून जोडायच्या. हे चांगलं जमलं तर जाडी दिसत नाही, आणि थोडं फसलं तर ती कड चाकूसारखी राहते. कापलेली कड नेहमी भिंतीकडे, कारखान्याची कड सांध्याकडे.

चकती कोरडी चालवली की पांढरी धूळ उडते. त्या धुळीत सिलिका असते आणि ती फुप्फुसात बसते ती निघत नाही. २०२५ पर्यंत लागू असलेल्या कारखाना कायद्याच्या तिसऱ्या अनुसूचीत सिलिकोसिस हा कळवणं बंधनकारक असलेला रोग होता, पण फ्लॅटच्या गॅलरीत बसून टाइल कापणारा माणूस कारखान्यात नसतो. तो इमारत व इतर बांधकाम कामगारांसाठी १९९६ मध्ये झालेल्या, २०२५ पर्यंत चाललेल्या कायद्याखाली येत असे, आणि त्या कायद्याचा लाभ मिळवायला आधी नोंदणी लागे. चकतीवर पाण्याची धार सोडली तर धूळ बरीच बसते. पण मग चिखल होतो, तो पुसावा लागतो, आणि काम चौरस फुटावर दिलेलं असतं. नाकावर रुमाल बांधलेली पोरं दिसतात ती या हिशोबापायी.

गेल्या काही वर्षांत नक्षी परत आली आहे, दोन वाटांनी. एक वाट उरणची: ‘भारत’ने जुने साचे पुन्हा वापरात आणले आणि जुन्या इमारतींच्या दुरुस्तीला, तसंच नव्या घरांनाही, सिमेंटची नक्षीदार फरशी मिळू लागली. दुसरी वाट छपाईची. आता शाईच्या फवाऱ्याने टाइलवर काहीही छापता येतं. दोन फूट चौरस टाइलवर नऊ ‘जुन्या’ फरशा छापलेल्या असतात, त्यांच्या मधले सांधेही छापलेले, कुठे मुद्दाम झिजलेल्या कडाही. बसवणाऱ्यापुढचा प्रश्न मग विचित्र होतो. छापलेला सांधा करडा आणि खरा सांधा दोन मिलिमीटरचा. दोन्ही सारखे दिसायला हवेत, म्हणून ग्राउटचा रंग छापील सांध्याशी पडताळून निवडावा लागतो.

अशा टाइलच्या पेटीत काठ बहुधा नसतो, कोपराही नसतो. नक्षी भिंतीपर्यंत धावत जाते आणि स्कर्टिंगखाली जिथे संपेल तिथे संपते, मग ते फुलाचं पोट असो की देठ. त्यातल्या त्यात जाणता मिस्त्री मध्यापासून मोजतो, शेवटचा तुकडा अर्ध्याहून कमी येत असेल तर मधली ओळ अर्ध्या टाइलने सरकवतो, आणि निदान समोरासमोरच्या भिंतींवर फूल सारखंच कापलं जाईल एवढं पाहतो. सिमेंटची फरशी मागवणाऱ्याला मात्र काठाच्या आणि कोपऱ्याच्या फरशा अजून वेगळ्या मोजून सांगाव्या लागतात. सरळ खोलीला कोपरे चार. एखादा खांब भिंतीतून पुढे आला असेल तर आत वळणारे आणखी दोन, बाहेर वळणारे दोन, आणि फुटतील म्हणून वर एखाददुसरा.